शेती झोन असताना शेजारी प्लॉटिंग होतंच कसं, आणि आपली जमीन शेतीच ठेवायची तर काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: चाकणच्या पलीकडे खेड तालुक्यात वडिलोपार्जित साडेचार एकर, दोन भाऊ आणि एक बहीण, वडील वारले तेव्हा मृत्युपत्र वगैरे काही नव्हतं. जमीन आराखड्यात शेती झोनमध्ये. शेजाऱ्याने त्याचं रान विकलं, घेणाऱ्याने मुरूम टाकून ‘फार्म प्लॉट’ पाडले, त्यात पाण्याचा पाट बुजला. धाकटा भाऊ म्हणतो आपणही विकून मोकळं होऊ. आणि प्रश्न पाठवणारे थोरले दादा विचारतात की झोनचा कायदा असताना हे होतंच कसं, आणि आपली जमीन शेतीच राहावी यासाठी कायद्यात आहे काय.

मी बावीस वर्षं महसूल आणि नगररचनेच्या केसेस चालवते. कायदा आहे, पण तुम्ही समजताय त्या जागी नाहीये. शेती झोन म्हणजे कोणीतरी तुमच्या जमिनीला संरक्षण दिलंय असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात आराखडा कसा होतो बघा, आधी रस्ते आखले जातात, मग निवासी, औद्योगिक, सार्वजनिक, मग जंगल आणि पाणी, आणि हे सगळं रंगवून झाल्यावर जे शिल्लक राहतं त्याला हिरवा रंग लागतो. माती चांगली आहे, पाणी आहे, तीन पिकं निघतात म्हणून कोणी तुमचा गट नंबर मुद्दाम शेतीसाठी राखलेला नसतो. पुढच्या आराखड्यात शहर सरकलं की पहिला हात याच रंगाला लागतो.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. पूर्वी शेतजमिनीला दोन कुलपं होती. एक आराखड्यातला झोन, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात. आणि दुसरं कलेक्टर ऑफिसातलं, म्हणजे जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम ४४, आपली ती एनएची, म्हणजे बिगरशेतीची ऑर्डर. झोन निवासी झाला तरी एनए वेगळी घ्यावी लागायची, तिथे तलाठ्याचा रिपोर्ट, पंचनामा, बऱ्याच खात्यांचे नाहरकत दाखले, त्यात वेळ जायचा आणि खरं सांगायचं तर टेबलाखालचे पैसेही जायचे. म्हणून २०१४ नंतर टप्प्याटप्प्याने ४२अ, ४२ब, ४२क आणि ४२ड आली. आता मंजूर आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत ज्या वापराला जमीन दाखवलीये त्या वापरासाठी वेगळ्या एनए परवानगीची गरज नाही, ठरलेली रक्कम भरा की झालं. ४२डने तर गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीलाही निवासी वापरासाठी तीच सवलत दिली. लोकांचे हेलपाटे वाचले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक कुलूप निघालं हे खरं, आणि आता सगळा भार एकट्या झोनवर आहे. त्यामुळे झोन ज्या दिवशी बदलतो त्याच दिवशी जमीन गेली असं समजायचं, पोकलेन येतो तो दिवस फार नंतरचा असतो.

झोन बदलतो कसा तर तीन वाटांनी. नवा आराखडा होतो तेव्हा. किंवा मंजूर प्रादेशिक योजनेत एमआरटीपीच्या कलम २० खाली फेरबदल होतो तेव्हा. किंवा विकास आराखड्यात कलम ३७ खाली. तिन्ही वाटांवर राजपत्रात नोटीस लागते आणि हरकतींना मुदत असते, विकास आराखड्याच्या मसुद्याला कलम २६ प्रमाणे ३० दिवस. माझ्याकडे येणारे दहातले आठ जण ही मुदत संपल्यावर येतात. कोणी म्हणतं पेपरात आलंच नाही, आलेलं असतं, आपण घेतो त्या पेपरात नसतं एवढंच. तुमच्या भागाचं उदाहरण ताजं आहे. पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, साठ हजारांहून जास्त हरकती पडल्या, सुनावण्या झाल्या आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. म्हणजे हरकतींनी काही होत नाही असं जे चावडीवर बोललं जातं ते काही अगदी खरं नाही. पण आराखडा रद्द झाला म्हणून हिरवा रंग पक्का झाला असंही नाही, उद्या नवा येणारच, तेव्हा तयारी आजपासून पाहिजे.

तयारी म्हणजे काय तर तुमची जमीन खरोखर शेती आहे याचा कागद. हसू नका. सातबाऱ्यावर ‘पड’ लागलेली जमीन घेऊन लोक सुनावणीला येतात आणि म्हणतात साहेब बागायती आहे. ई-पीक पाहणी २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करायची आहे, ती दोन्ही हंगामांत करा, फोटोसकट. विहीर, बोअर, पाइपलाइन, झाडं यांची नोंद सातबाऱ्यावर आहे का बघा, नसेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (आपला तलाठीच, २०२४ पासून नाव बदललंय) अर्ज द्या आणि पोच घ्या. हरकत लिहिताना ‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसतो’ हे एका ओळीत ठेवा आणि बाकी पान गट नंबर, क्षेत्र, पाच वर्षांची पिकं, पाण्याचा सोर्स, शेजारचे गट यांनी भरा. एकट्याची हरकत बाजूला पडते, सलग चाळीस एकरातल्या वीस खातेदारांनी एकाच नकाशावर सह्या करून दिलेली हरकत समितीला वाचावीच लागते, कारण नियोजनकाराला सलग पट्टा समजतो, सुटा गट समजत नाही.

आता शेजारच्या प्लॉटिंगकडे येते. झोन न बदलता हे होतं कसं हा तुमचा खरा प्रश्न आहे. उत्तर साधं आहे, ते कायद्याने होतच नाही, फक्त कोणी अडवत नाही. तुकडेबंदी कायदा १९४७ चा. २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरलंय. त्याखालचा तुकडा शेतजमीन म्हणून विकता येत नाही. म्हणून मग पाच जणांच्या नावे अकरा गुंठ्यांचं एकत्र खरेदीखत करायचं, सातबाऱ्यावर पाच नावं, आणि जागेवर चुना मारून पाच प्लॉट. किंवा नुसतं नोटरी केलेलं साठेखत, ज्याला मी चहाच्या कपाखाली ठेवायचा कागद म्हणते. शेतकरी नसलेल्याला कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन घेता येत नाही, तर कुठल्या तरी लांबच्या तालुक्यातून शेतकरी असल्याचा दाखला येतो.

दंडाचं म्हणाल तर परवानगीशिवाय बिगरशेती वापर केला तर महसूल खातं बिगरशेती आकारणीच्या चाळीस पटीपर्यंत दंड करतं. ऐकायला भारी वाटतं, पण मूळ आकारणीच इतकी किरकोळ असते की चाळीस पट होऊनही तो दंड एका प्लॉटच्या बुकिंग रकमेपुढे काहीच नाही. एमआरटीपीच्या कलम ५२ मध्ये कैद आहे, एक महिना ते तीन वर्षं, पण दंड दोन ते पाच हजार रुपये, आणि कैद झालेला प्लॉटिंगवाला मी तरी अजून पाहिला नाही. वर दर काही वर्षांनी नियमितीकरण येतं. गुंठेवारी म्हणजे परवानगीशिवाय पाडलेले गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट. गुंठेवारी कायदा २००१ चा, आधी १ जानेवारी २००१ पर्यंतच्या गुंठेवारीसाठी होता, २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० केली. तुकडेबंदी मोडलेले व्यवहार नियमित करायला बाजारमूल्याच्या २५ टक्के भरावे लागायचे, ते २०२४ मध्ये ५ टक्क्यांवर आणले. ज्या गरिबाने आयुष्याची कमाई घालून दोन गुंठ्यांवर पत्रे टाकलेत त्याच्यासाठी हे बरोबरच आहे, त्याला घराबाहेर काढा असं मी कधीच म्हणणार नाही. पण प्लॉट पाडणारा हे गणित आधीच मांडून बसलेला असतो, की आज मोडू, दहा वर्षांनी सरकारच सरळ करून देईल.

मग अडवायचं कसं. झोनचा अर्ज घेऊन फिरण्यापेक्षा मला दोन आडवाटा जास्त उपयोगी पडल्यात. पहिली रेरा, म्हणजे घरं-प्लॉट विकणाऱ्यांवर नजर ठेवणारा कायदा, राज्यात त्याचं प्राधिकरण महारेरा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेत किंवा आठपेक्षा जास्त प्लॉट पाडून विकायचे असतील तर महारेराची नोंदणी लागते आणि नोंदणीशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. त्या बोर्डाचा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ब्रोशरचा, लेआउटच्या नकाशाचा फोटो काढून तक्रार करा. ‘हे प्लॉट नाहीत, शेतजमीन आहे’ असा बचाव होतो, तर मग सांगा की शेतजमीन असेल तर तुकडेबंदी लागू होते, दोन्हीपैकी एक निवडा. दुसरी वाट फेरफाराची, म्हणजे मालकी बदलल्याच्या महसुली नोंदीची. प्रत्येक खरेदीनंतर गाव नमुना ६ मध्ये फेरफार पडतो, कलम १५०(२) ची नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. गावातले फेरफार ‘आपली चावडी’ या सरकारी वेबसाइटवर घरबसल्या दिसतात. एका गावात दोन कॉलेजची पोरं दर सोमवारी ते बघतात आणि ग्रुपवर टाकतात, तिथल्या प्लॉटिंगवाल्याने शेवटी दुसरं गाव शोधलं. (दुसऱ्या गावाचं काय, हा प्रश्न रास्त आहे.)

आता जरा लांबचं, पण उपयोगी. शेतजमीन वाचवणारा कायदा खरंच कसा दिसतो ते बघायचं तर केरळ. तिथे २००८ चा भातशेती आणि पाणथळ जमीन संरक्षण कायदा आहे. पंचायतीनिहाय सर्व्हे नंबरसकट भातजमिनींची डेटा बँक करायची, आणि यादीत आलेली जमीन बुजवायची नाही. अपवाद म्हणजे मालकाला राहायला दुसरी जागा नसेल तर स्वतःच्या घरापुरता, पंचायतीत १० सेंट, नगरपालिकेत ५ सेंट (सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग). गावपातळीच्या समितीत पंचायत अध्यक्ष, कृषी अधिकारी, व्हिलेज ऑफिसर आणि तिथले शेतकरी. फरक कळला का, आपल्याकडे उरलेलं ते हिरवं, तिथे आधी शेती मोजली. त्यांच्याकडेही पळवाटा आल्याच, २०१८ च्या दुरुस्तीने यादीत नसलेली जमीन फी भरून बदलता येते, आणि मग सगळी धडपड यादीतून नाव काढण्याची. पण धडपड करावी लागते हेच खूप झालं.

गोव्यात उलट अनुभव. तिथल्या लोकांनी आराखड्याविरुद्ध जेवढं रान उठवलं तेवढं आपल्याकडे क्वचितच. प्रादेशिक आराखडा २०११ विरोधात गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो मागे घ्यावा लागला. मग वास्तुविशारद चार्ल्स कोरिया ज्या टास्क फोर्सवर होते त्यातून २०२१ चा आराखडा आला, त्यात इको-१, इको-२ असे झोन, शेतं, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन), टेकड्यांचे उतार वेगळे दाखवलेले. कागदावर सुरेख. नंतर मूळ नगरनियोजन कायद्यातच एकेक कलम वाढत गेलं, २०१८ ला १६ब, २०२३ ला १७(२) आणि २०२४ ला ३९अ. १७(२) म्हणजे आराखड्यात नजरचुकीने राहिलेल्या चुका दुरुस्त करणं, आणि गट-गट सुटा काढून भातशेती, बागायत वस्तीत नेल्याच्या तक्रारी झाल्या. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. याच गोव्यात २०२३ चाच कायदा सांगतो की भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकायची नाही. एका हाताने कुंपण आणि दुसऱ्या हाताने फाटक. तुमच्या कामाचं यातलं एवढंच, की आराखडा मंजूर झाल्यावर सत्कार करून घरी जायचं नसतं, पुढची दहा वर्षं गॅझेट बघायचं असतं.

आपल्याकडे टिकलेलं उदाहरण डहाणू. २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने अख्खा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, उद्योगांना जास्तीत जास्त ५०० एकर, आणि बागा, हिरवे भाग, आदिवासी क्षेत्र यांचा वापर बदलायचा नाही. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने न्या. धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं, आणि त्याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदर नाकारलं. डहाणू-घोलवडच्या चिकूला आज जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, त्या चिकूच्या वाड्या उभ्या आहेत यात या कागदाचा वाटा मोठा. पण २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने, अर्थात माणसं बदललेली, बंदराला नाहरकत दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. वसईत हरित पट्ट्यासाठी फादर दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती ऐंशीच्या दशकाअखेरपासून लढली, आणि त्या लढ्याची सुरुवात झोनपेक्षा विहिरीतून टँकरने उपसल्या जाणाऱ्या पाण्यावरून जास्त पेटली होती. माझंही मत तसंच झालंय, लोक नकाशासाठी उठत नाहीत, पाण्यासाठी उठतात, म्हणून तुमचा बुजलेला पाट मला तुमच्या झोनपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यावर शेवटी येते.

सरकारी संपादनाबद्दल एक ओळ, कारण तुमच्याकडे एमआयडीसीचा विषय कधीही निघू शकतो. झोन संपादनाला अडवत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम १० म्हणतं की बहुपीक सिंचित जमीन अगदी शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यायची, पण रस्ते, रेल्वे असले लांबट प्रकल्प त्यातून सुटलेत. एमआयडीसीच्या कायद्यात ३२(२) ची नोटीस आली तर उत्तर मुदतीत आणि लेखी द्या, तोंडी नाही म्हटलेलं फाइलीत दिसत नाही.

आता घरातलं. माफ करा, पण तुमची जमीन झोनमुळे जाणार नाही, गेली तर भावामुळे जाईल, आणि यात भावाला मी दोष देत नाही. कांद्याला काय भाव मिळतो आणि गुंठ्याला काय मिळतो हे त्यालाही दिसतंय. झोनचा कायदा शेती वाचवायला सांगतो पण शेतकऱ्याचा खर्च कोण भरणार ते सांगत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी लंगडी बाजू. मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास कुटुंबांनी चारशे एकर एकत्र करून स्वतःच टाउनशिप केली, तिथे शेती गेली पण शेतकरी मालक राहिला, आणि तो निर्णय चुकीचा म्हणायची माझी हिंमत नाही. तुमच्या साडेचार एकरात ते होणार नाही एवढंच.

कायद्याने तुमच्या हातात काय आहे तर हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २२. वडिलांच्या पश्चात मृत्युपत्राशिवाय वारसाने आलेला हिस्सा एका वारसाने विकायला काढला तर बाकीच्या वारसांना तो घेण्याचा पहिला हक्क आहे, म्हणजे तुम्हाला आणि बहिणीलाही. शेतजमिनीला हे लागू होतं का यावर हायकोर्टांमध्ये मतभेद होते, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने होतं असा निकाल दिला. पण हा पहिला हक्क म्हणजे फुकट हक्क नाही, किंमत द्यावी लागते, पटली नाही तर कोर्ट ठरवतं. म्हणून भावाशी भांडण पेटायच्या आधी बसा आणि विचारा की त्याला सगळं विकायचंय की रोकड हवीये. बऱ्याचदा पोराच्या फीसाठी किंवा कर्जासाठी हवी असते आणि एक एकर तुम्ही दोघं मिळून घेऊ शकता, हप्त्याने, नोंदणीकृत कागद करून. मोजणी आणि वाटप आधी करून घ्या, सामाईक सातबाऱ्यावरचा अविभक्त हिस्सा घेणारा प्लॉटिंगवाला एकदा आत आला की दिवाणी दाव्यात तुमची उमेद संपते. आणि जमीन कायमची शेतीच राहील असा करार करून कायमचं कुलूप लावता येतं का असं विचारलंय, अमेरिकेत तशी सोय आहे, आपल्याकडे त्यासाठीचा कायदा नाही. ‘कधीच विकायची नाही’ अशी सरसकट अट खरेदीखतात घातली तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याने ती अट रद्दबातल ठरते.

आता पाट. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. शेताचं पाणी किंवा वहिवाटीचा रस्ता बेकायदा अडवला तर तहसीलदारांकडे दावा करता येतो, कोर्ट फी किरकोळ, तहसीलदार जागा पाहणी करून अडथळा काढायचा आदेश देऊ शकतात. मुदत फक्त सहा महिने, अडथळा झाल्यापासून. तुम्ही प्रश्नात ‘पावसाच्या आधी कधीतरी मुरूम पडला’ असं लिहिलंय, हे ‘कधीतरी’ चालणार नाही. घरातल्या सगळ्यांचे मोबाईल तपासा, बांधावर काढलेला एखादा फोटो, बैलपोळ्याचा, हुरड्याचा, कसलाही, ज्यात पाट वाहता दिसतोय आणि तारीख आहे. मग त्यानंतरचा बुजलेला फोटो शोधा. गाव नकाशा आणि जुना टिपण (मोजणीचा जुना आराखडा) काढायचा अर्ज भूमी अभिलेखला उद्याच टाका, पाट त्यावर दिसत असेल तर निम्मं काम झालं. सहा महिने व्हायला आठ दिवस जरी उरले असतील तरी आधी दावा दाखल करा, कागद मागाहून जोडता येतात.